एमआयटीजीसीएम आणि डार्ट: अरबी समुद्राच्या मॉडेलमध्ये एन्सेम्बल असिमिलेशन, अगदी पहिल्यापासून

महासागराचं मॉडेल चालवणं हे एक काम आणि त्यात निरीक्षणं मिसळणं, म्हणजे असिमिलेशन, हे दुसरं. नवखा माणूस दोन्ही एकदम करायला जातो. मग तिसऱ्या चक्रात तापमानाच्या जागी ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) दिसू लागलं की चूक मॉडेलची, असिमिलेशनची की एखाद्या इनपुट फाइलची, याचा पत्ताच लागत नाही. म्हणून इथला क्रम मुद्दाम संथ ठेवला आहे: आधी एकटं मॉडेल, मग निरीक्षणांशिवाय त्याच्या ४० प्रती (हे एन्सेम्बल, आणि प्रत्येक प्रत त्याचा एक सदस्य), मग बनावट निरीक्षणं, आणि सगळ्यात शेवटी खरे आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात वाहत तापमान आणि क्षारता मोजणारी यंत्रं.

मॉडेल एमआयटीजीसीएम, आणि असिमिलेशनसाठी अमेरिकेतल्या एनकार या संस्थेचं डार्ट. दोन्ही फुकट, दोन्ही फोरट्रानमध्ये, दोन्ही गिटहबवर. सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठात तांबड्या समुद्रासाठी हीच जोडी वापरली गेली आहे, तेव्हा प्रादेशिक समुद्राला ती झेपते याबद्दल शंका नको. आपला प्रदेश: पूर्व रेखांश ५० ते ७८, उत्तर अक्षांश ५ ते २५, जाळी पाव अंशाची, खोलीत ४० थर. म्हणजे ११२ × ८० × ४० चौकटी. एकटं मॉडेल बऱ्या लॅपटॉपवरही चालेल, एन्सेम्बलला मात्र क्लस्टर लागेल. फाइलींची आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थात रोमनमध्येच द्यायची.

कम्पायलर एकच ठेवा

लागणारी सामग्री: जीफोरट्रान, मेक, ओपनएमपीआय, नेटसीडीएफची सी आणि फोरट्रान अशा दोन्ही लायब्ररी, आणि इनपुट तयार करायला नमपाय व एक्सअ‍ॅरेसह पायथन. क्लस्टरवर बहुतेक सगळं मॉड्यूल म्हणून असतंच. घोटाळा होतो तो सरमिसळीने. नेटसीडीएफ-फोरट्रान इंटेल कम्पायलरने बनवलेली आणि तुम्ही कोड जीफोरट्रानने कम्पाइल करताय, तर ‘नेटसीडीएफ डॉट मॉड ही जीफोरट्रानची मॉड्यूल फाइल नाही’ अशा अर्थाची एरर येते. तिथे कोडमध्ये काही शोधत बसू नका, मॉड्यूल बदला. ‘एनएफ-कॉन्फिग’ ही कमांड लायब्ररीचा खरा पत्ता आणि लिंक करायचे फ्लॅग सांगते. ते अंदाजाने लिहू नयेत.

जीफोरट्रान १० पासून पुढे आर्ग्युमेंटचे प्रकार जुळले नाहीत तर इशाऱ्याऐवजी थेट एरर मिळते. जुना फोरट्रान कोड त्यावर अडकतो. ‘-एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा फ्लॅग दिला की वाट मोकळी होते.

मॉडेल बिल्ड करणं

आपला प्रदेश लगेच घेऊ नका. ‘व्हेरिफिकेशन’ फोल्डरमधलं बॅरोट्रॉपिक जायरचं ट्यूटोरियल आधी चालवा. ते झटपट संपतं आणि कम्पायलर, एमपीआय, पाथ सगळं तपासून देतं.

नंतर स्वतःसाठी कोड, बिल्ड, इनपुट आणि रन अशी चार फोल्डर करा. बिल्डमध्ये उभं राहून ‘जेनमेक२’ चालवायचं. त्याला ‘-मॉड्स’ने तुमचं कोड फोल्डर, ‘-ओएफ’ने कम्पायलरची ऑप्टफाइल आणि सोबत ‘-एमपीआय’ द्यायचं. मग ‘मेक डिपेंड’, मग ‘मेक’. शेवटी ‘एमआयटीजीसीएमयूव्ही’ नावाची एक्झिक्युटेबल तयार होते.

कोड फोल्डरमधली कळीची फाइल ‘साइझ डॉट एच’. तिच्यात जाळीचे तुकडे ठरतात: एका तुकड्याची रुंदी × प्रत्येक प्रोसेसवरचे तुकडे × प्रोसेसची संख्या = एकूण चौकटी. आपल्यासाठी पूर्व-पश्चिम १४ × १ × ८ = ११२ आणि उत्तर-दक्षिण २० × १ × ४ = ८०. म्हणजे ३२ प्रोसेस, आणि ‘एमपीआयरन’लाही नेमका ३२ हाच आकडा द्यायचा. वेगळा दिला तर मॉडेल पहिल्याच पायरीवर थांबतं. ओव्हरलॅप ४ ठेवा; सातव्या ऑर्डरच्या अ‍ॅडव्हेक्शन योजनेला तेवढा लागतोच. या फाइलमधला एकही आकडा बदलला तरी पुन्हा कम्पाइल करावं लागतं.

पॅकेजांची नोंद दोन ठिकाणी असते. कोडमधल्या ‘पॅकेजेस डॉट कॉन्फ’मध्ये लिहिलेलं कम्पाइल होतं, ‘डेटा डॉट पीकेजी’मध्ये सुरू केलेलं रनच्या वेळी चालतं. केपीपी (पाण्याचं उभं मिश्रण), ईएक्सएफ (बाहेरून येणारा वारा आणि उष्णता), कॅल (तारखा), ओबीसीएस (उघड्या सीमा, म्हणजे जिथे आपला प्रदेश बाकीच्या समुद्राला लागतो) आणि डायग्नॉस्टिक्स (आउटपुट) एवढी पुरे. पहिल्या यादीत भर घातली की ‘मेक क्लीन’ (क्लीन मोठ्या अक्षरात) करून जेनमेकपासून सुरुवात करा, नाहीतर जुनाच कोड लिंक होतो आणि तुम्ही तासभर भलतंच शोधत बसता.

इनपुट फाइली

एमआयटीजीसीएम साध्या बायनरी फाइली वाचतं आणि त्या बिग-एन्डियन लागतात. नमपायमध्ये प्रकार ‘मोठ्यापेक्षा चिन्ह, एफ४’ असा लिहायचा, अ‍ॅरेचा आकार (थर, अक्षांश, रेखांश) या क्रमाने. उलट एन्डियनची फाइल दिली तर एरर येत नाही. आकडे १० चा उणे ३८ वा घात किंवा तसलेच काहीतरी होतात आणि मॉडेल पहिल्या काही पायऱ्यांत फुटतं. खोलीची फाइल ऋण आकड्यांत, जमीन शून्य.

वारा आणि उष्णतेसाठी ईआरए५ (युरोपीय केंद्राचा जुन्या हवामानाचा डेटा) घेतला तर चार गोष्टी सांभाळा. त्याचे अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात, ते उलटवून घ्या. आर्द्रता दवबिंदू म्हणून मिळते, ईएक्सएफला विशिष्ट आर्द्रता हवी. पाऊस मीटरमध्ये साठवलेला असतो, ईएक्सएफला मीटर प्रति सेकंद. सूर्यप्रकाश ज्यूलमध्ये, ईएक्सएफला वॅट. ताशी फाइलीत भागाकार ३६०० ने करायचा, पण ईआरए५च्या एन्सेम्बल फाइली तीन-तासी असल्यामुळे तिथे १०८०० ने. इथे ३६०० वापरलं तर समुद्रावर तिप्पट ऊन पडतं.

टाइमस्टेप १२०० सेकंद. पाव अंश म्हणजे इथे साधारण २७ किलोमीटर. मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमाली प्रवाह सेकंदाला २ मीटरच्या वर जातो, तरी हिशेब आरामात बसतो. शिवाय दिवसाच्या बरोबर ७२ पायऱ्या होतात. असिमिलेशनचं चक्र पूर्ण पायऱ्यांतच संपायला हवं, म्हणून दिवसाला पूर्ण भागणारा टाइमस्टेपच निवडा. ‘यूझसिंगलसीपीयूआयओ’ चालू ठेवा, नाहीतर प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल पडेल. सेगमेंटेशन फॉल्ट आलाच तर सगळ्यात आधी ‘यूलिमिट -एस अनलिमिटेड’ करून पाहा.

रन संपला की पहिल्या प्रोसेसच्या ‘एसटीडीआउट’ फाइलीच्या तळाशी ‘एक्झिक्यूशन एंडेड नॉर्मली’ दिसलं पाहिजे. त्याच फाइलीत मॉनिटरच्या ओळी असतात: तापमानाचं कमाल-किमान, क्षारता, आडवा-उभा सीएफएल (एका पायरीत पाणी चौकटीचा किती भाग ओलांडतं तो आकडा). सीएफएल ०.५ च्या आत राहू द्या. तापमानाची कमाल हळूहळू ४० कडे सरकत असेल तर फुटायची वाट न बघता थांबवा आणि उघड्या सीमांच्या फाइली तपासा.

एक गोष्ट आत्ताच पाहून घ्या: सलग काही वर्षं चालवल्यावर पर्शियन आखातातून आणि तांबड्या समुद्रातून येणारे खारट थर २०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात टिकून आहेत का. सीमेवरून ते आतच येत नसतील तर पुढे असिमिलेशन दर चक्रात तिथे मीठ घालत राहील आणि मॉडेल ते धुऊन काढत राहील. असला दोष निरीक्षणांनी भरून निघत नाही. सीमेची फाइलच दुरुस्त करावी लागते.

डार्ट बिल्ड करणं

‘बिल्ड_टेम्प्लेट्स’मधून जीफोरट्रानची टेम्प्लेट ‘एमकेएमएफ डॉट टेम्प्लेट’ या नावाने कॉपी करा आणि तिच्यात नेटसीडीएफचा पत्ता द्या. पहिली चाचणी लॉरेन्झ-६३ या तीन चलांच्या मॉडेलवर: त्याच्या ‘वर्क’ फोल्डरमध्ये ‘क्विकबिल्ड’ स्क्रिप्टला ‘नोएमपीआय’ देऊन चालवा. ते जमलं की ‘एमआयटीजीसीएम_ओशन’च्या वर्क फोल्डरमध्ये हेच करा.

क्विकबिल्ड आधी ‘प्रीप्रोसेस’ चालवतं. निरीक्षणांचे कोणते प्रकार ओळखायचे हे तिथे, कम्पाइलच्या वेळीच ठरतं. ‘इनपुट डॉट एनएमएल’च्या प्रीप्रोसेस भागात महासागराची ऑब्स-डेफ फाइल नसेल तर फ्लोटचं तापमान हा प्रकारच अस्तित्वात राहत नाही, नंतर नेमलिस्ट (म्हणजे हीच पर्यायांची फाइल) कितीही बदला, उपयोग शून्य. पुन्हा बिल्ड.

मॉडेलच्या बायनरी आणि डार्टच्या नेटसीडीएफ यांच्यात ये-जा करायला ‘ट्रान्स_मिटडार्ट’ हा प्रोग्रॅम आहे. डार्टला हवी ती स्थिती पाच चलांची: तापमान, क्षारता, दोन वेग आणि पृष्ठभागाची उंची. आपल्या जाळीवर ती होते १४,४२,५६० आकड्यांची, म्हणजे ८ बाइटच्या हिशेबाने सुमारे ११.५ एमबी. ४० सदस्यांचे ४६० एमबी, तेव्हा मेमरीची चिंता नाही. जाळी अंशाच्या बाराव्या भागाची केली आणि सदस्य ८० केले की तोच आकडा ८ जीबीच्या वर जातो. एमआयटीजीसीएम जमिनीवर ० लिहितं. रूपांतरानंतर तिथे ‘मिसिंग’ आलंय ना, हे एकदा नकाशा काढून डोळ्यांनी पाहा.

एन्सेम्बल: सगळा खेळ इथे

असिमिलेशन फसतं ते बहुतेक वेळा फिल्टरमुळे (मॉडेल आणि निरीक्षणं यांचा मेळ घालणाऱ्या डार्टच्या प्रोग्रॅममुळे) नाही, तर सदस्य एकमेकांसारखे असल्यामुळे. फिल्टरला मॉडेलची चूक किती हे सदस्यांच्या पसाऱ्यावरूनच कळतं. समजा पृष्ठभागाच्या तापमानाचा पसारा ०.१ अंश आहे आणि निरीक्षणाची चूक ०.६ अंश धरली आहे. मग निरीक्षणाला मिळणारं वजन ०.०१ भागिले ०.३७, म्हणजे शंभरातले जेमतेम तीन. मॉडेल प्रत्यक्षात एका अंशाने चुकत असलं तरी फिल्टर ढिम्म हलणार नाही.

सुरुवातीच्या तापमानात नुसता यादृच्छिक गोंगाट मिसळून पसारा मिळत नाही. मिश्रणाने तो काही दिवसांत विरतो. तीन गोष्टी एकत्र करा. पहिली, वारा वेगवेगळा: ईआरए५च्या एन्सेम्बलमध्ये १० सदस्य आहेत, प्रत्येक वारा आपल्या चार सदस्यांना द्या. दुसरी, आरंभ वेगवेगळा: दीर्घ रनमधली १० वर्षं घ्या आणि प्रत्येक वर्षाच्या २७ मार्च, १, ६ आणि ११ एप्रिलच्या स्थिती उचला. वाटप असं करा की एकाच वाऱ्याचे चार सदस्य चार वेगळ्या वर्षांचे निघतील. एप्रिल अशासाठी की तेव्हा वारे मंद असतात. जूनमध्ये पाच दिवसांच्या फरकानेही समुद्राचं पृष्ठतापमान बदलून जातं. तिसरी, मिश्रणाचे गुणांक सदस्यागणिक थोडे हलवा. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रात रोम्स या दुसऱ्या महासागर-मॉडेलवर उभ्या केलेल्या ८० सदस्यांच्या प्रणालीत याहून पुढे जाऊन निम्म्या सदस्यांना केपीपी आणि निम्म्यांना मेलर-यामादा ही मिश्रणाची योजना दिली आहे.

मग निरीक्षणांशिवाय दोन महिने चालवा. स्लर्ममध्ये (क्लस्टरवर कामं रांगेत लावणारी प्रणाली) जॉब अ‍ॅरे, प्रत्येक सदस्याचं स्वतंत्र फोल्डर. दोन महिन्यांनी पसाऱ्याचा नकाशा काढा आणि उपग्रहाच्या पृष्ठतापमानाशी सरासरीची चूक किती येते त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही एकाच पट्टीतले असतील तर पुढे जा. उघड्या सीमेलगत पसारा शून्याकडे जाताना दिसेलच, कारण सीमेची फाइल सगळ्यांना एकच आहे. ते मान्य करायचं, किंवा सीमाही वेगवेगळ्या द्यायच्या.

एकाच निरीक्षणाची चाचणी

ही चाचणी टाळू नका. अर्ध्या तासात निम्मे घोटाळे उघडे पडतात. उत्तर १५, पूर्व ६८, १०० मीटरच्या जवळचा मॉडेलचा थर. नेमक्या जाळीच्या बिंदूवर तापमानाचं एकच निरीक्षण ठेवा, एन्सेम्बलच्या सरासरीपेक्षा १ अंश थंड. इन्फ्लेशन (पसारा मुद्दाम फुगवणं) बंद. तिथला पसारा समजा ०.८ आणि निरीक्षणाची चूक ०.६. हाताने हिशेब: ०.६४ भागिले (०.६४ + ०.३६), म्हणजे वजन ०.६४. सरासरी ०.६४ अंशाने खाली आली पाहिजे आणि पसारा ०.४८ व्हायला हवा.

सरासरी ०.५२ नेच खाली आली तर समजा की फाइलीत ०.३६ ऐवजी ०.६ लिहिलंय. डार्टला निरीक्षणाच्या चुकीचा व्हेरियन्स लागतो, प्रमाण विचलन नव्हे.

आता बदलाचा नकाशा पाहा. तो एक मर्यादित डाग असावा. ‘कटऑफ’ (निरीक्षणाचा प्रभाव किती दूर जावा ती मर्यादा) रेडियनमध्ये असतो आणि ती अर्धी त्रिज्या असते: ०.०३ दिलं तर सुमारे १९० किलोमीटर, आणि प्रभाव पूर्ण संपतो ३८० वर. ४० सदस्यांत काहीही संबंध नसलेल्या दोन जागांतही निव्वळ योगायोगाने ०.१६ च्या आसपास सहसंबंध दिसतो. कटऑफ मोठा ठेवलात तर ओमानजवळचा फ्लोट कोकणासमोरचं पाणी हलवतो. खोलीतही मर्यादा घाला: ‘हॉरिझ_डिस्ट_ओन्ली’ बंद करा आणि उभ्या अंतराचा गुणक मीटर प्रति रेडियनमध्ये द्या. १०० मीटर अर्धी त्रिज्या हवी असेल तर १०० भागिले ०.०३, म्हणजे ३३३३.

त्यानंतर ‘परफेक्ट_मॉडेल_ऑब्स’ने एका रनला सत्य मानून बनावट आर्गो तयार करा आणि महिनाभर चक्र चालवा. सत्य ठाऊक असल्यामुळे चूक खरोखर घटतेय का, हे इथेच स्वच्छ दिसतं.

खरे आर्गो

आर्गो फ्लोट १००० मीटरवर वाहत राहतो आणि साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपासून वर येत नोंदी घेतो. फक्त दर्जा-चिन्ह १ असलेल्या नोंदी घ्या. जुन्या काळासाठी विलंबित पद्धतीने तपासलेल्या फाइली आणि त्यांतले ‘अ‍ॅडजस्टेड’ रकाने.

फ्लोट जागेवरचं तापमान मोजतो, मॉडेलमध्ये असतं पोटेन्शियल तापमान, म्हणजे तेच पाणी पृष्ठभागावर आणलं तर जे होईल ते. २००० मीटरवर फरक ०.१ ते ०.२ अंशाचा पडतो, आणि तिथे पसाराही तेवढाच लहान असतो. रूपांतर पायथनच्या जीएसडब्ल्यू पॅकेजने करा. क्षारतेचं एकक दोन्हीकडे एकच आहे ना बघा: ३५ आणि ०.०३५ यांची गाठ पडली तर क्षारतेची यच्चयावत निरीक्षणं बाद होतात.

काही फ्लोट दर दोन मीटरला नोंद देतात. सगळ्या घेऊ नका, मॉडेलच्या प्रत्येक थराला एक अशा सरासऱ्या करा. शेजारच्या नोंदींच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात. फिल्टर त्यांना स्वतंत्र साक्षीदार समजतो आणि पसारा एका झटक्यात कोसळतो. चूक किती धरायची? सेन्सरची चूक अंशाच्या हजाराव्या भागात असते, पण पाव अंशाच्या जाळीला न दिसणारे भोवरेही त्या नोंदीत असतात. थर्मोक्लाइनमध्ये (खोलीबरोबर तापमान झपाट्याने उतरतं त्या थरात) ०.५ ते ०.८ अंश धरून सुरुवात करा, खोल पाण्यात कमी.

चक्र

पाच दिवसांचं चक्र: ४० सदस्य ४,३२,००० सेकंद पुढे न्या, डार्टच्या रूपात आणा, ‘फिल्टर’ चालवा, परत बायनरी करा, पुढच्या चक्राची तारीख लावा. निरीक्षणांची खिडकी विश्लेषणाच्या वेळेच्या अडीच दिवस अलीकडे-पलीकडे.

पुढचं चक्र सुरू करायचे दोन मार्ग आहेत. पिकअप फाइलीतच (रन जिथे थांबला तिथून पुढे नेणारी फाइल) नवी स्थिती घालता येते, पण तिच्यात आधीच्या पायरीच्या अ‍ॅडम्स-बॅशफोर्थ टेंडन्सीही (म्हणजे बदलाचे दर) असतात आणि त्या जुन्या समुद्राच्या असतात. नवख्याने दुसरा मार्ग घ्यावा: तापमान, क्षारता, वेग आणि उंचीच्या आरंभ-फाइली द्याव्या, ‘एनइटर०’ शून्य ठेवावा आणि ‘डेटा डॉट कॅल’मधली आरंभाची तारीख पाच दिवस पुढे ढकलावी. वाऱ्याच्या फाइलींच्या तारखांना हात लावायचा नाही. पहिल्या काही तासांत उंचीच्या लहरी उठतात. त्या फार मोठ्या असतील तर बदल एकदम न देता काही तासांत वाटून द्या.

इन्फ्लेशन: प्रकार ५, आरंभ १.०, विचलन ०.६, डॅम्पिंग ०.९. पहिल्या चक्रात ते नेमलिस्टवरून घ्या. दुसऱ्यापासून मागच्या चक्राच्या ‘आउटपुट_प्रायरइन्फ’ फाइलींना ‘इनपुट’ नाव देऊन ‘रीस्टार्टवरून’ हा पर्याय चालू करा. हे विसरलं तरी एरर येत नाही. इन्फ्लेशन दर चक्रात १ वर परततं आणि दोन महिन्यांत पसारा आटतो.

एखादा सदस्य फुटला तर ‘आफ्टरओके’वर टांगलेला फिल्टरचा जॉब ‘डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड’ म्हणत रांगेत पडून राहतो. दुसऱ्या सदस्याची कॉपी त्याच्या जागी टाकू नका. त्याच सदस्याला ६०० सेकंदांच्या टाइमस्टेपने तेवढे पाच दिवस पार करवा. तोच सदस्य पुन्हा पुन्हा फुटत असेल तर त्याच्या मिश्रणाच्या गुणांकांकडे बघा. डिस्कचाही अंदाज ठेवा: वर्षाची ७३ चक्रं आणि प्रत्येकात तीन टप्पे लिहिले तर सुमारे १०० जीबी.

निकाल वाचणं

प्रत्येक चक्रानंतर ‘ऑब्स_सेक डॉट फायनल’मधले डार्टचे दर्जा-आकडे मोजा. ० म्हणजे वापरलं. ४ म्हणजे मॉडेलमधून त्या जागेचं मूल्यच काढता आलं नाही. शेल्फच्या कडेला मॉडेलचा तळ उथळ असला की हे येतं आणि थोडंफार चालतं. ५ म्हणजे तो प्रकार नेमलिस्टमध्ये चालू केलेलाच नाही. ७ म्हणजे निरीक्षण फार दूरचं म्हणून नाकारलं. मर्यादा ३ ठेवली असेल तर वरच्या उदाहरणात ३ अंशांपलीकडचं. सातांची संख्या चक्रागणिक वाढत असेल तर मॉडेल समुद्रापासून दूर चाललंय आणि फिल्टर त्याला परत आणणारी निरीक्षणंच फेकून देतोय. अशा वेळी मर्यादा सैल करून काही साधत नाही, पसारा वाढवा.

दुसरी तुलना विश्लेषणापूर्वीच्या अंदाजाची, नंतरची नाही: आरएमएस चूक आणि एकूण पसारा, म्हणजे एन्सेम्बलचा व्हेरियन्स अधिक निरीक्षणाचा व्हेरियन्स यांचं वर्गमूळ. दोन्ही जवळपास सारखे हवेत. पाच दिवसांचा अंदाज सुधारत नसेल आणि विश्लेषण मात्र निरीक्षणांना चिकटून असेल, तर तुम्ही नुसतं निरीक्षणांचं रेखाटन करताय. रँक हिस्टोग्राम (निरीक्षण सदस्यांच्या चढत्या क्रमात कितव्या जागी बसतं याचा आलेख) दोन्ही टोकांना उंच असेल तर पसारा कमी, एकाच टोकाला उंच असेल तर मॉडेलमध्येच एकतर्फी चूक आहे. तेव्हा डार्ट बाजूला ठेवून वाऱ्याच्या आणि सीमेच्या फाइली पुन्हा उघडा.